आगोट भरू न शकलेली घरं आणि शाळेची सुट्टी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मी दापोली तालुक्यातल्या एका दुशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. मूळचा बीड जिल्ह्यातला. पट २३. मुलं कोळीवाड्यातली, वरच्या कातकरवाडीतली आणि दोन आंबाबागेतल्या नेपाळी राखणदाराची. गेल्या वर्षी एप्रिलअखेर आणि शाळा उघडल्यावर मुलांची वजनं केली, तर नऊ जणांची वजनं तेवढीच किंवा कमी भरली. मे महिन्यात इथे आंब्या-फणसाची रेलचेल असते, मग हे कसं? यंदा सुट्टीत जेवणाचं काही करायचं तर कसं करावं?"

सर, मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून सत्तावीस वर्षं काढली. निम्मी रायगडात, निम्मी तुमच्याच बाजूला. तेव्हा आधी वजनांचंच बोलू.

सहा ते दहा वर्षांचं मूल वर्षाला साधारण दोन ते तीन किलो वाढतं. म्हणजे दीड महिन्यात पाव किलो, तीनशे ग्रॅमची वाढ दिसायला हवी. पण शाळेतला काटा एवढा बारीक हिशेब करणारा नसतो. त्यात एप्रिलमधलं वजन खिचडी खाल्ल्यावर आणि जूनमधलं सकाळी प्रार्थनेआधी घेतलं, तर तेवढ्यानेच अर्धा किलो गायब होतो. हा घोळ मी स्वतः केलाय, आणि त्यावर वरिष्ठांकडे मोठा अहवालही पाठवला होता. यंदा तोच काटा, तीच वेळ, दप्तर-रेनकोट बाजूला, असं करा. दुसरं म्हणजे, जूनच्या पहिल्या पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं आणि जुलाब लागतात. तीन दिवसांच्या जुलाबाने किलोभर वजन सहज उतरतं. म्हणून वजनाच्या रकान्याशेजारी "मागच्या पंधरा दिवसांत जुलाब-ताप?" असा एक रकाना ठेवा. एवढं करूनही तेवीसपैकी सात-आठ मुलं तिथल्या तिथेच राहिली, तर काटा खोटं बोलत नाहीये.

आता रेलचेलीचं. हापूस पेटीत जातो, तो मुलांचा नसतो. मुलांच्या वाट्याला रायवळ आंबे, फणस, काजूची बोंडं, करवंदं, जांभळं. त्यांनी पोट फुगतं, तोंड गोड होतं, डोळ्यांनाही चांगलं. पण शंभर ग्रॅम आंब्याच्या गरात एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नसतात. तुमच्या बीडकडे उपासमार उघड्या रानात दिसते. इथे ती हिरव्या झाडाखाली असते, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला पटत नाही. इथल्या माणसालाही पटत नाही, ते वेगळं.

एक प्रसंग सांगते. जूनचा पहिला आठवडा, मंडणगडच्या बाजूची कातकरवाडी, दुपारचा एक. चौथीतली मुलगी तीन दगडांच्या चुलीवर टोपात फणसाच्या आठळ्या उकडत बसलेली, भोवती तीन भावंडं. आठळ्या शिजल्यावर तिने त्या पाटीवर ओतल्या आणि मोठ्याने मोजून वाटल्या. बारा, बारा, बारा, आणि स्वतःला सात. मी म्हटलं, "तुला कमी का गं?" तर म्हणाली, "मी सकाळी पेज खाल्लीय." घरात रेशनचा तांदूळ होता. विचारल्यावर तिने डबा उघडून दाखवला, निम्मा भरलेला. "तो रातचा. आई आली की."

मला तेव्हा जे कळलं ते आधीच्या बारा-पंधरा वर्षांत कळलं नव्हतं. घरात धान्य होतं, दुपार नव्हती. वर्षाचे दहा महिने शाळेत जाणाऱ्या मुलांचं दुपारचं जेवण घराच्या हिशेबातून बाहेर गेलेलं असतं. आई सकाळी सहाला बाहेर पडते, संध्याकाळी येते. तांदूळ, लाकडं, तेल, सगळ्याची मोजणी दोन वेळेची. सुट्टी लागली म्हणून ती मोजणी बदलत नाही, कारण मजुरी बदललेली नसते. मुलं दुपारभर रानात, जे मिळेल ते खातात. मेमध्ये रानात मिळतं. जूनमध्ये आंबा संपतो, फणस पाण्याने नासतो, करवंदं गळतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की सुट्टी अख्खी सारखी नसते. २ मे ते १४ जून धरली तर चव्वेचाळीस दिवस. त्यातले पहिले तीन आठवडे मुलं कशीबशी निभावतात. बागेत काम असतं, काजूबियांचे चार पैसे येतात, मुंबईकर गावात असतात, लग्नं-पूजा असतात, पंगतीत दोन-चार जेवणं होतात. खरी अडचण साधारण २५ मेपासून शाळा उघडेपर्यंत. आंबा उतरतो आणि बागेची मजुरी थांबते. १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. खलाशी घरी बसतो, मच्छी विकणारीची पाटी रिकामी. वीटभट्ट्या बंद होतात. त्याच दिवसांत घरावर प्लास्टिक टाकायचं, वह्या-गणवेश घ्यायचे, बियाणं आणायचं. आणि नेमकी तेव्हाच आगोट भरायची असते.

तुम्ही घाटावरचे, म्हणून सांगते. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडाची बेगमी. सुकट, जवळा (वाळवलेली बारीक कोळंबी), सुके बोंबील, खारा बांगडा, कुळीथ, डाळ, मीठ-मसाला, तेल, लाकडं, हे सगळं मेअखेर घरात भरून ठेवायचं, कारण पुढचे दोन-तीन महिने ना मासा ना मजुरी. बरं चाललेल्या घरात माळ्यावर सुकटीचे डबे असतात. ज्या घराची आगोट भरत नाही त्या घरात जूनमध्ये भात असतो पण कालवण नसतं. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो, अंत्योदयला कार्डामागे पस्तीस किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तेव्हा तांदळाची ददात फारशी नाही. मूल भात आणि मीठ, भात आणि चिंचेचं पाणी असं जेवतं. त्याला "जेवलास का?" विचारलंत तर "हो" म्हणेल, आणि ते खोटं नसतं. "कशासंगती जेवलास?" असं विचारा.

कायद्याचं थोडक्यात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात आठवीपर्यंतच्या मुलांना रोज एक मोफत मध्यान्ह भोजन हा हक्क आहे, पण त्याच वाक्यात "शाळेच्या सुट्ट्या वगळून" असं लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही जेवण द्यायला सांगितलं होतं, मात्र जिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे दुष्काळ जाहीर व्हायचा कधी? मेमध्ये आमच्या वाड्यांवर टँकर फिरतो तरी आम्ही कागदावर ओलेच. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात सुट्टीतलंही धान्य देण्याची सोय झाली होती. म्हणजे ठरवलं तर होतं. इंग्लंडमध्ये त्याच वर्षी मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूने आवाज उठवल्यावर तिथल्या सरकारने उन्हाळी सुट्टीतल्या जेवणाची कुपनं देण्याचं मान्य केलं. आपल्याकडे क्रिकेटपटू पुष्कळ आहेत, असो. यंदाच्या मेपर्यंत कायदा बदलणार नाही, तेव्हा गावातच काय होतं ते बघायचं.

एक गणित मी बऱ्याच बैठकांत मांडलंय, तुम्हीही मांडा. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेच्या जेवणातून दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं ठरलंय. रविवार सोडून सुट्टीचे अडतीस दिवस धरा. म्हणजे एका मुलाच्या ताटातून साधारण १७ हजार कॅलरी आणि साडेचारशे ग्रॅम प्रथिनं जातात. आकडा ऐकून लोक गप्प बसतात. मग सांगायचं, की हे सगळं मिळून तीन किलो तांदूळ, एक किलो कुळीथ आणि जेमतेम अर्धा लिटर तेल. एवढंच. एका मुलाची अख्खी सुट्टी एका पिशवीत मावते. तुमच्या पटासाठी तेवीस किलो कुळीथ आणि तेलाचा एक डबा. तांदूळ बहुतेक घरांत आहेच.

तर मग पिशव्या वाटून मोकळं व्हावं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. एका वर्षी मुंबईच्या एका दात्याकडून आम्हाला पिशव्या मिळाल्या. त्यांना वेळ १ मेची सोयीची, म्हणून वाटप १ मेला. रांग, फलक, फोटो. कोळीवाड्यातली निम्मी घरं आलीच नाहीत. पुढच्या आठवड्यात एक म्हातारी मला बाजारात गाठून म्हणाली, "बाई, आमाला भिकारी केलंव तुमी." आणि जी पिशवी घरात गेली ती सहा तोंडांत आठ-दहा दिवसांत संपली. तेल पाहुण्यांच्या वड्यांत गेलं. त्यात आईची काही चूक नाही. घरात आलेलं अन्न घराचं असतं, एका मुलाचं नसतं. १० जूनला मी गेले तेव्हा पिशवीच्या जागी पिशवीच होती. तिच्यात वह्या भरल्या होत्या.

त्यानंतर मी दोन गोष्टी वेगळ्या केल्या आणि त्या बऱ्या चालल्या.

पहिली, शेवटच्या तीन आठवड्यांत दुपारचं शिजवलेलं जेवण. २५ मे ते १४ जून, रविवार वगळून अठरा दिवस. पण त्याला जेवण म्हणायचं नाही. गोष्टी-खेळांचा वर्ग म्हणायचं, दहा ते साडेबारा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून जेवायचं. सगळ्यांनी म्हणजे खरोखर सगळ्यांनी. सरपंचाचा नातू, मुंबईहून आलेली भाचरंडं, जो येईल तो. मेअखेरीस गावात अजून चाकरमान्यांची मुलं असतात, त्यांचा इथे फार उपयोग होतो. ती पंगतीत बसली की कुणाला कशासाठी बोलावलंय हे दिसत नाही. त्यांच्या दोन-चार ताटांचा खर्च मी कधी वाया धरला नाही.

दुसरी, धान्य द्यायचंच तर आगोटीला द्यायचं, मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि आगोटीचंच द्यायचं: कुळीथ, जवळा, तेल. आमच्या एका बचत गटाने जवळा सीझनमध्ये ठोक घेऊन वाळवला आणि गटातल्या घरांना जूनमध्ये उसना दिला, दिवाळीनंतर फेडायच्या बोलीवर. उसना म्हटल्यावर कुणाची मान खाली गेली नाही. फेड किती आली ते विचारू नका. पण वाळलेल्या जवळ्याच्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनं असतात, मूठभर जवळा घरभराच्या भाताला चव आणतो, आणि डब्यात घट्ट झाकून ठेवला तर पावसात टिकतो. धुऊन, वाळू काढून वापरायला मात्र सांगावं लागतं.

कुणासाठी हे करायचं, ते कसं ओळखायचं? दारिद्र्यरेषेची यादी घेऊन बसू नका. सोमवारी बघा. शुक्रवारी एकदाच वाढून घेणारं मूल सोमवारी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ताट पुढे करतं, ते सुट्टीत उपाशी राहणार आहे. रविवार ही त्याची छोटी सुट्टीच. स्वयंपाकी मावशींना विचारा, त्यांना नावं तोंडपाठ असतात. मार्च-एप्रिलचे चार सोमवार नोंद करा, तुमची यादी तयार. गेल्या वर्षीच्या नऊ जणांशी ती ताडून बघा.

त्या मावशींचंही बघा. त्यांचं मानधन वर्षातून दहा महिन्यांचंच असतं. बहुतेक ठिकाणी ती वाडीतलीच गरजू बाई असते, तिचीच मुलं शाळेत असतात, आणि सुट्टीत तिची चूल सगळ्यात आधी मंदावते. तेव्हा अठरा दिवसांच्या स्वयंपाकाचे पैसे तिला ठरवून द्या. "सेवा म्हणून कर" असं सांगायला कुणी आलं तर त्याला आधी एक दिवस भांडी घासायला बसवा.

पैशाचं म्हणाल तर तीसेक मुलांना अठरा दिवसांसाठी पन्नास किलोचं तांदळाचं एक पोतं, पंधरा किलो कुळीथ आणि डाळ, सात-आठ लिटर तेल, गॅस, आठवड्याला दोनदा अंडी, आणि मावशींचे पैसे. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करावे लागतात. ते बहुधा मार्चअखेर घाईघाईने खुर्च्या किंवा शिलाई मशीनवर जातात. जानेवारीतच अर्ज द्या, ग्रामसभेत विषय घ्यायला लावा. दुसरं दार म्हणजे वाडीचं मुंबई मंडळ. ही माणसं देवळाच्या कळसाला लाखांत वर्गणी काढतात. आणि मेमध्ये वाडीवाडीत अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा असतातच, पहिल्या बक्षिसाच्या रकमेत तुमचं पुष्कळसं काम होऊन जाईल. मी एका मंडळाला एवढंच सुचवलं होतं, की चषक थोडा बुटका घ्या. त्यांनी चषक बुटका घेतला नाही, पण तांदूळ दिला.

शाळेच्या खोलीतल्या उरलेल्या तांदळाला मात्र हात लावू नका. मला माहीत आहे, एप्रिलअखेर पोतं शिल्लक असतं आणि जूनपर्यंत त्याला टोके लागतात, जीव तुटतो. पण तो साठा नोंदवहीत आहे. लेखी आदेशाशिवाय एक किलोही वाटलात तर चौकशी तुमचीच होईल आणि पुढच्या वर्षी हे सगळंच बंद पडेल. तसंच योजनेचा सिलिंडर वापरू नका, वेगळा आणा. स्वयंपाकखोली वापरायला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि केंद्रप्रमुखांना पत्र, एवढं करून ठेवा. तीन आठवडे बंद असलेल्या खोलीत पहिल्या दिवशी लाकडं उचलताना काठीने हलवून घ्या. फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, लाकडात बसतं. आणि पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्याशिवाय एकही भांडं भरू नका.

पदार्थांचा फार विचार करायचं कारण नाही. कुळथाची पिठी दहा-पंधरा मिनिटांत होते, सोबत भात, गॅस वाचतो. मुगाची खिचडी. नाचणीचं आंबील गूळ घालून. पहिला पाऊस पडला की टाकळा येतो, डाळीत टाका. वाडीतल्या बायकांना शेवळं, कुरडू, भारंगी कुठे मिळते ते ठाऊक असतं. त्यांच्याकडून विकत घ्या, फुकट मागू नका. कातकरवाडीची मुलं चढणीचे मासे (पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे) घेऊन येतील ते मात्र घ्या, आणि ज्याने आणले त्याचं नाव घेऊन वाढा.

धाकट्या भावंडांची अंगणवाडी मेमध्ये बंद नसते. सेविका आणि मदतनीस आलटून-पालटून सुट्टी घेतात. तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ताजा आहार मिळायलाच हवा. तो मिळत नसेल तर तुमच्या पर्यवेक्षिकेला गाठा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावल्यावर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आली तर ते जेवणाचं काम राहत नाही, त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्यायचं. ती पट्टी तुमच्या शाळेतल्या मुलांना लावू नका, त्यांच्यासाठी ते आकडे नाहीत.

कातकरवाडीच्या मुलांबद्दल एक वेगळी गोष्ट. तुमच्या पटावरची जी मुलं दिवाळीनंतर भट्टीवर गेली, त्यांची सुट्टी २ मेला लागत नाही, नोव्हेंबरातच लागते. तिकडे मालक देईल त्या खर्चीच्या पैशांत आठवडा काढायचा असतो आणि त्या खर्चीत डाळ बसेलच असं नाही. ही कुटुंबं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात परततात, अंगावरची उचल फिटलेली असेल-नसेल अशा अवस्थेत. त्यांचं रेशनही मधल्या काळात कधी बंद पडलेलं असतं, कधी अंगठा जुळत नाही. विटांच्या कामाने बोटांचे ठसेच झिजतात. म्हणून २५ मेला वाडीत जाल तेव्हा यादी नेऊ नका, कोण-कोण परतलंय ते बघून नवी यादी करा. आणि पहिल्याच दिवशी रेशन दुकानावर दोन बापे आणि एक शिकलेला पोरगा पाठवून बंद पडलेली कार्डं बघून या. बागेतल्या नेपाळी कुटुंबाकडे इथलं कार्ड बहुधा नसतंच, त्यांना पंगतीतच धरा. ती जूनमध्ये निघून जातात.

मुलं येतील का, ही शंका तुम्हाला पहिल्या दिवशी येईल. पहिल्या दिवशी सहा आली होती आमच्याकडे. चौथ्या दिवशी एकतीस.

आणि शाळा उघडण्याच्या दिवसाचं. गावोगावच्या मावशींना हे माहीत असतं, पण नवे शिक्षक गोंधळतात. त्या दिवशी नेहमीच्या दीडपट तांदूळ लागतो. मुलं भराभर खातात, तिसऱ्यांदा मागतात आणि अर्ध्या तासात दोघं-तिघं ओकतात. गावात मग "शाळेच्या खिचडीने बाधा झाली" असं उठतं. मावशींना सांगा, पहिले दोन दिवस खिचडी पातळ, डाळ जास्त, मिरची कमी. पहिल्यांदा थोडी वाढायची, सगळ्यांचं होईपर्यंत पाढे म्हणायला लावायचे, मग दुसऱ्यांदा वाढायचं. वजनं त्याच दिवशी करायची असतील तर जेवणाआधी.